खिडकीच्या फळीबद्दल आणि बाकी मिळकतीबद्दल

आणि वर त्या पाटीवर लिहिलंय, की या घरात रफूकाम करणारं एक कुटुंब राहत होतं. राहत होतं म्हणे. पाटी ठोकत होते तेव्हा मी आत बसून एका कोटाच्या बाहीला रफू करत होते. भिंत हादरत होती म्हणून सुई दोनदा बोटात गेली. बाहेर टाळ्या वाजल्या. मला कोणी बाहेर ये म्हणालं नाही. तेव्हापासून लोक येतात, पाटी वाचतात, काचेला नाक लावून आत बघतात आणि मी दिसले की दचकतात. मध्ये एकीने आपल्या मुलाला सांगितलं, "बघ, पूर्वी बायका असं बसून काम करायच्या." मी मान वर केली, तर तिने मुलाला दंडाला धरून ओढून नेलं.

पाटीचं मी सोडून दिलं असतं. फळीचं सोडणार नाही. त्यासाठीच हा कागद आहे.

आता वकिलाने सांगितलं तसं रीतसर लिहिते.

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय चौपन्न, धंदा रफूकाम, शिक्षण चौथी, राहणार जन्मापासून याच घरात, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या धाकाने नाही की कोणाच्या भरीला पडून नाही, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र करते. याआधी केलेलं नाही, कारण याआधी गरज पडली नव्हती. वकिलाने मसुदा टाइप करून दिला होता. त्यात मी 'सदरहू' होते आणि घर 'मिळकत' होतं, आणि दोन पानं वाचूनही यातलं मरणार कोण ते मला कळेना. म्हणून त्यातले चार शब्द ठेवले, बाकीचं माझं.

शुक्रवारी सकाळी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं आहे. साधं आहे तर सोबत कोण येणार असं मला पुन्हा पुन्हा का विचारलं, ते त्यांचं त्यांना माहीत. मी सांगितलं, बघते.

कलम पहिलं. घर.

हे घर माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. आईने हयातीतच ते माझ्या नावावर केलं आणि धाकट्या भावाला मोठ्या रस्त्यावरची सुतारकामाची जागा दिली. दोघांनाही तेव्हा ते पसंत होतं. त्यावरून आमचं भांडण नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. गल्लीत काहीजण तसं समजतात आणि मलाच येऊन हळू आवाजात विचारतात.

घर मोठं नाही. पुढे कामाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली, तिच्या जिन्याची तिसरी पायरी करकरते. पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी रुंद खिडकी आहे, आणि समितीच्या म्हणण्याप्रमाणे असं लाकडी नक्षीचं खिडकीकाम आता गावात दुसरीकडे उरलेलं नाही. समिती म्हणजे जुनी घरं जपणारी समिती. तिने गावातली काही घरं निवडून त्यांना वारसा घर ठरवलं. वारसा घर झालं की दर्शनी भागाचा रंग, दार, खिडकी, काही बदलायचं नाही. समितीच्या अध्यक्ष हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या त्याला खूप वर्षं झाली, पण गावाला अजून ओळीत उभं करतात. मलाही चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. पुढे आईला मदत पाहिजे म्हणून मी शाळा सोडली तेव्हा त्या घरी येऊन आईला बोलल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. चांगल्या अर्थाने सांगते.

घराची निवड झाली तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फीत घेऊन मापं घेणाऱ्या पोरांना मी चहा दिला. हेडबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आईच्या घराचं सोनं झालं." मग महिन्याभरात कागद आला, की खिडकीबाहेरची फळी मूळ घराचा भाग नाही, सबब काढून टाकावी.

आता फळी म्हणजे काय ते लिहिते, कारण हा कागद उद्या परका माणूस वाचेल. खिडकीच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर, दोन लोखंडी टेकूंवर एक जाड फळी होती. गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं, मी आत बसायचे, कपडा फळीवर पसरायचा. आईच्या वेळेपासून हेच. घरात कोणाला घेतलं नाही आणि दारातून कोणाला परत पाठवलं नाही, सगळा धंदा फळीवर झाला. कपडा पसरला की आई विचारायची, "कसा फाटला?" मीही तेच विचारते. विचारावंच लागतं. खिळ्यात अडकून फाटलेल्याला एक टाका, ठिणगीने जळलेल्याला वेगळा, कसरीने खाल्लेल्याला तिसराच. त्यामुळे कसा फाटला हे सांगितल्याशिवाय या खिडकीतून कोणाचा कपडा आत आलेला नाही. आणि माणूस एकदा कोपरं फळीवर टेकून सांगायला लागला की फाटण्यापाशी थांबत नाही. कोण कुंपणावरून पळालं, कोणाची कॉलर कोणी धरली, कोणाला अंथरुणात पडून सिगारेट ओढायची सवय लागली बायको गेल्यापासून. मी मान वर करत नसे, म्हणून लोक बोलत. मला लग्न-मूल नाही, त्याची कारणं या कागदात येत नाहीत, पण चाळीस वर्षं मला माणसांची वाण पडली नाही ती त्या फळीमुळे.

फळी गेल्यापासून खिडकीशी गिऱ्हाईक थांबत नाही, आणि लोक दारही वाजवत नाहीत. पाटीच्या दाराला हात लावायला बिचकतात. एकाने तिकीट कुठे मिळतं विचारलं. जुनी गिऱ्हाइकं दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातात, आत कपडा आणि चिठ्ठी. 'कोपर. बुधवारपर्यंत.' 'खिसा.' एका चिठ्ठीवर तर काहीच नव्हतं, नुसता बाण काढला होता. काम येतं. कसा फाटला ते कोणी सांगत नाही. मी अंदाजाने टाका घालते आणि पिशवी पुन्हा कडीला अडकवते. काही दिवस असे जातात की संध्याकाळी तोंड उघडल्यावर आवाज फुटायला वेळ लागतो.

मी हेडबाईंकडे गेले. त्यांनी टेबलावर तो फोटो ठेवला. समितीकडे या गल्लीचा एकच जुना फोटो आहे, आणि नियम असा केलाय की घर फोटोत दिसतं तसं ठेवायचं. फोटोत गल्लीतली सगळी माणसं आमच्या घरापुढे उभी आहेत. मागे मोठी, पुढे आम्ही पोरं बसलेली. खिडकीचा वरचा भाग दिसतो, खालचा दिसत नाही, कारण तिथे बेकरीवालीची सासू उभी आहे आणि ती लहान बाई नव्हती. मी म्हटलं, बाई, पोरं कशावर बसलीत ते बघा. फोटोवाल्याने पुढच्यांना खाली बसवा म्हटलं, जमिनीवर चिखल होता, तर आईने खिडकीची फळी उचलली, दोन बाजूंना विटा लावल्या आणि आम्हाला त्यावर ओळीने बसवलं. तेव्हा ती नुसती टेकूंवर ठेवलेली असे. मी मधे आहे, माझ्या डावीकडे भाऊ, त्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत. आम्ही बसलोय ती हीच फळी.

हेडबाईंनी भिंग घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "फळी आहे, मान्य. पण खिडकीला नाही."

मी म्हटलं, "बाई, कडेला तुम्हीही उभ्या आहात, दोन वेण्या घालून. आता तशा दिसत नाही म्हणून तुम्हाला कोणी काढून टाकलं का?"

त्या हसल्या नाहीत. मुद्दा विचारात घेऊ म्हणाल्या. तो अजून विचारातच आहे.

गेल्या महिन्यात त्या स्वतः आल्या, फळांची पिशवी घेऊन. त्यांना ऑपरेशनचं कुठून तरी कळलं होतं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, तुझ्यामागे हे घर समितीला दे, आम्ही इथे लहानसं संग्रहालय करू. तुझी खुर्ची, तुझ्या सुया, सगळं जागच्या जागी ठेवू, पुढे दोरी बांधू, आणि खिडकीत प्लास्टरची एक बाई बसवू, हातात सुई दिलेली. त्या मनापासून बोलत होत्या, ते दिसत होतं. मी इतकंच म्हटलं, की जिवंत बाई बसली होती तेव्हा तुम्ही तिची फळी काढलीत, आता प्लास्टरच्या बाईला गिऱ्हाईक कुठून आणणार? फळं मी ठेवून घेतली. चांगली होती.

तरी मी त्यांचं म्हणणं धुडकावलेलं नाही. घर मी समितीला देते, पुढील अटींवर.

अ) फळी पूर्वीच्या जागी पूर्वीसारखी बसवायला लेखी होकार द्यावा. माझ्या मरणानंतर नव्हे, माझ्या देखत. येत्या गुरुवारी अंधार पडायच्या आत.

आ) दोरी बांधू नये. प्लास्टरची बाई बसवू नये. कोणी जिवंत माणूस बसून काहीतरी दुरुस्त करत असेल तर खिडकी त्याला द्यावी, रफूच पाहिजे असं नाही. चपला चालतील, छत्र्या चालतील.

इ) पाटी उतरवून, राहत होतं ते खोडून, माझ्यापर्यंत तरी राहतं असं करावं. मी गेल्यावर काय ते बदला, तेव्हा माझी हरकत नसेल.

अट 'अ' गुरुवारपर्यंत पाळली नाही तर हे सगळं घर, नक्षीसकट, माझ्या धाकट्या भावाला जाईल, आणि समितीने तिची फीत घेऊन दुसरीकडे जावं.

कलम दुसरं. हत्यारं.

मोठी कात्री कोपऱ्यावरच्या शिंप्याला द्यावी. ती त्याने इतक्यांदा मागितली आहे, की मला वाटायला लागलं होतं तो माझ्या तब्येतीची चौकशी कात्रीसाठीच करतो. तिला धार त्याने स्वतः लावू नये. दोऱ्यांची पेटी त्याला अजिबात देऊ नये. तो काळ्या कोटावर निळा दोरा चालवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो उन्हात जुळून येईल. दोरे, बारीक सुया आणि मोजा ताणायचा लाकडी गोळा बेकरीवालीला. तिला शिकायचं होतं, मी खूप वेळा उद्या ये म्हटलं. आता तिने शिकवणीची वाट बघू नये, हात चालवला की येतं.

कलम तिसरं. कपाटातले कपडे.

वरच्या कपाटात लोकांचे न नेलेले कपडे आहेत. ते माझे नाहीत, म्हणून मी ते कोणाला देऊ शकत नाही. ज्याचे त्याने न्यावेत. करड्या रंगाचा कोट एका बस कंडक्टरचा आहे. मुलीच्या लग्नात घालायचा होता, घाईघाईत दाराच्या हँडलला अडकून खिसा उसवला म्हणाला, आणि मग न्यायला आलाच नाही. लग्न झालं की मोडलं, मला आजतागायत माहीत नाही. तो आला तर कोट द्यावा आणि विचारावं. मला सांगता येणार नाही, तरी विचारावं. पिवळा स्वेटर कोणाचा ते मी विसरले. तो थंडी वाजणाऱ्या कोणालाही चालेल.

कलम चौथं. बँकेत जे असेल ते.

त्यातून दवाखान्याचं आणि मला पोचवण्याचं भागवावं. उरेल ते भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, शिकण्यासाठी. ती रोज क्लासला याच गल्लीतून जाते आणि माझ्या खिडकीसमोर आली की समोरच्या भिंतीकडे बघत चालते. घरात तिला कोणी तसं सांगितलंय असं मला वाटत नाही. मोठी माणसं बोलत नाहीत म्हटल्यावर पोरांनी काय करावं, हे तिचं तिनेच ठरवलं असणार. परवा तिच्या दप्तराचा बंद तुटायला आलेला दिसला. एका बाजूने तीन धाग्यांवर आहे. काचेवर टकटक करून सांगणार होते, तोवर ती पुढे गेली. तो बंद कोणीतरी शिवून घ्यावा. हे मृत्युपत्रात बसत नाही असं वकील म्हणेल. बसवावं.

कलम पाचवं. भाऊ.

इथे मी सकाळपासून अडले आहे. मधे उठून भांडी घासून आले.

माझा धाकटा भाऊ सुतार आहे, गावात त्याच्यासारखा दुसरा नाही. मी भांडले असले तरी हे खरं आहे. तो कामाला लागला तेव्हा पोरसवदा होता, आणि त्याने स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं काम म्हणजे ही फळी टेकूंवर पक्की करणं. गिऱ्हाईक रेललं की ती डगमगायची. त्याने चार स्क्रू मारले आणि वर उभा राहून नाचून दाखवलं. आई आतून ओरडली, उतर, खिडकी आहे ती, रंगमंच नाही.

समितीचं सगळं लाकडाचं काम तोच करतो. फळी काढायचं कामही त्याच्याकडेच गेलं. एका सकाळी तो पेटी घेऊन आला. मला वाटलं, नाही म्हणायला आलाय. त्याने पेटी उघडली.

मी म्हटलं, "तू काढणार?"

तो म्हणाला, "ताई, मी नाही काढली तर दुसरा काढेल, आणि तो फोडून काढेल."

मी म्हटलं, "मग दुसऱ्याने फोडलेली परवडली."

तो खिडकीपाशी वाकला. घासून गुळगुळीत झालेले स्क्रू होते, त्याने एकेकाला तेल सोडलं, थांबला, मग फिरवले. फळीला ओरखडा उठू दिला नाही. घाई केली असती तर मी त्याला मनातून लवकर माफ केलं असतं, कसं ते सांगता येणार नाही. फळी उचलून त्याने आत आणून दिली आणि विचारलं कुठे ठेवू. मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर. त्याने ती स्वयंपाकघरात भिंतीला उभी केली आणि स्क्रू काड्यापेटीत घालून ओट्यावर ठेवले. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. तो दोनदा दारापर्यंत येऊन गेला. पावलांवरून ओळखलं. त्याने दार वाजवलं नाही आणि मी उघडलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते हे. चौकटीला स्क्रूची चार भोकं राहिली होती. समितीच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, की भोकं पुट्टीने बुजवून वरून रंग द्यावा, म्हणजे पुन्हा काही ठोकता येणार नाही. त्याने रंग दिला, तो इतका बेमालूम, की हेडबाईंनी येऊन बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मीही कित्येक महिने तसंच समजत होते. गेल्या आठवड्यात खिडकी पुसताना एका जागी फडकं अडकलं. नखाने ओढून पाहिलं. पुट्टी नव्हती. लाकडाची बारीक खुंटी होती, मऊ लाकडाची, भोकाच्या मापाला घासलेली, डिंक न लावता नुसती दाबून बसवलेली. हाताने निघाली. मग बाकीच्या तीन काढून पाहिल्या. त्याही निघाल्या. आतलं भोक जसंच्या तसं, स्क्रूचे आटे शाबूत.

माझ्या भावाला पुट्टी भरता येत नाही असं या गावात कोणी म्हणणार नाही.

फळी मी भावाला देते. घर कोणालाही जावो, फळी त्याची. फोटोत तिच्यावर बसलेल्यांपैकी आम्ही दोघंच या गावात उरलो आहोत, बाकीचे कुठे कुठे गेले. ती परत बसवायची असेल तर त्यानेच बसवावी, दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नये. काड्यापेटी ओट्यावर जिथे त्याने ठेवली तिथेच आहे, मी हलवलेली नाही, भोवतीने पुसून घेते.

कलम सहावं. अंमलबजावणी.

या कागदाप्रमाणे सगळं होतं की नाही ते वकिलाने बघावं. त्याच्या काळ्या डगल्याला मी फुकट रफू केलं आहे, तेवढं त्याने लक्षात ठेवावं. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असं त्याने सांगितलं, म्हणून समोरच्या घड्याळवाल्यांना मी काही देऊ शकले नाही. त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "आधी सांगायचं ना, मी दुसरा साक्षीदार शोधून दिला असता." दुसऱ्या साक्षीदारासाठी बेकरीवाली तयार होती, पण कलम दुसऱ्यामुळे तिची सही चालत नाही. तिने सुया सोडायला नकार दिला. म्हणून पोस्टमनला थांबवलं. तो कलम तिसरं वाचून पिवळा स्वेटर कोणाचा ते आपल्याला माहीत आहे म्हणाला. आता त्यानेच पोचवावा.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, मला कळला. चुका असतील त्या शुद्धलेखनाच्या. मनातल्या नाहीत.

सही केली, याच घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, खिडकी उघडी ठेवून. सोमवार, महिन्याची नऊ तारीख.

(सही) रफूवाली

आमच्या समक्ष सही केली. सही करताना हात कापत नव्हता.

साक्षीदार पहिला: (सही) घड्याळवाला, समोरचं दुकान

साक्षीदार दुसरा: (सही) पोस्टमन. पिवळा स्वेटर माझ्याच काकांचा आहे.

ता.क. याची एक प्रत समितीला आणि एक भावाला पोस्टमन आजच देईल. पुढचं फक्त भावासाठी आहे.

समितीचं उत्तर आलं तर आलं. मला तुझं पाहिजे. चारही खुंट्या मी काढून ठेवल्या आहेत, भोकं उघडी आहेत, समितीने यायच्या आत बघून घे. शुक्रवारी सोबत कोण येणार, हेही दवाखान्यात अजून सांगायचं राहिलंय. गुरुवारी अंधार पडायच्या आत काय ते सांग, हो किंवा नाही. चिठ्ठी पाठवू नकोस, कडीला काही अडकवू नकोस, दाराकडे जाऊच नकोस. खिडकीशी येऊन सांग. मी आतच आहे.